सोमवारी दुपारी तीन वाजता फाइल मागा

मा. संपादक,
स. न.

सोलापुरात सरकारी कार्यालयाच्या पूनम गेटसमोर सारखे कुठल्या ना कुठल्या संघटनेचे आंदोलन सुरू असते. घोषणा होतात, शिष्टमंडळ आत जाते, साहेबांच्या हाती निवेदन दिले जाते, फोटो निघतो आणि दुसऱ्या दिवशी तो वर्तमानपत्रात छापून येतो. आंदोलन करणाऱ्यांची तळमळ खरी असते. पण ते निवेदन पुढे कुठल्या टेबलावर गेले, त्यावर कोणी काय शेरा मारला, हे विचारायला सहसा कोणी परत जात नाही. सरकारला जाब विचारायचा तर आधी सरकारचा कागद आपण वाचलेला हवा, असे माझे मत आहे. तो वाचायची सोय सरकारनेच करून ठेवली आहे, आणि सोलापुरात फार थोड्यांना ती माहीत आहे.

सामान्य प्रशासन विभागाने २६ नोव्हेंबर २०१८ रोजी एक शासन निर्णय काढला. त्यानुसार जिल्हास्तरीय कार्यालयांत आणि स्थानिक स्वराज्य संस्थांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत कोणत्याही नागरिकाला अभिलेख, म्हणजे कार्यालयातले कागद आणि फाइली, पाहता येतात. सोमवारी सुट्टी असेल तर त्यानंतरच्या कामाच्या दिवशी. पुणे महापालिकेत ही पद्धत आधीपासून होती, तीच राज्यभर लागू झाली. याची लोकशाही दिनाशी गल्लत करू नये. महिन्याच्या पहिल्या सोमवारच्या लोकशाही दिनात आपण तक्रार मांडतो, अधिकारी ऐकतात. इथे बोलायचेच नाही, वाचायचे आहे.

वाचल्याने काय होते, ते आमच्या गल्लीत पाहिले. आतल्या रस्त्यावर डांबर पडून वर्ष व्हायच्या आत खडी वर आली. सगळे चिडले, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फोटो फिरले. शेजारच्या दोन मुलींनी मात्र सोमवारी संबंधित कार्यालय गाठले. एक बी.ए.ला, दुसरी पॉलिटेक्निकला सिव्हिलच्या शेवटच्या वर्षाला. पहिला प्रश्न आला, "कशाला पाहिजे तुम्हाला? कुणाचं बिल अडकवायचंय का?" मग "फाइल ऑडिटला गेलीय." सिव्हिलवाली म्हणाली, "तसं लिहून द्या सर, आम्ही जातो." थोड्या वेळाने फाइल कपाटातूनच निघाली.

फाइलमध्ये अंदाजपत्रक होते, कार्यारंभ आदेश होता, करारनामा होता आणि मोजमाप पुस्तिका होती. मोजमाप पुस्तिका हा सर्वांत बोलका कागद, कारण कंत्राटदाराचे बिल तिच्यावरून निघते. रस्ता किती लांब, किती रुंद, थर किती जाडीचा, कोणत्या तारखेला कोणी मोजला, खाली सही कोणाची, सगळे त्यात असते. मुलींनी घरी येऊन उखडलेल्या कडेला पट्टी लावली, तर थर पुस्तिकेतल्यापेक्षा पातळ निघाला. करारात दोष दायित्व कालावधीही लिहिलेला होता आणि तो संपायला अवकाश होता. म्हणजे त्या मुदतीत रस्ता खराब झाला तर कंत्राटदाराने स्वखर्चाने दुरुस्त करून द्यायचा, आणि नाही केला तर त्याच्या सुरक्षा अनामत रकमेतून करून घ्यायचा. आम्ही मोठी माणसे "खड्डे बुजवा" म्हणून अर्ज देत होतो. मुलींनी करारातली अट आणि पान क्रमांक टाकून एकपानी पत्र दिले. रस्त्यावर नवा थर पडला. आधीच्या जाडीचे बिल कसे निघाले याचे उत्तर अजून आलेले नाही, त्यासाठी माहिती अधिकारात अर्ज टाकला आहे.

त्या अर्जाबद्दलही थोडे लिहिते. २००५ चा हा माहिती अधिकार कायदा कागद देतो, कारणे देत नाही. "रस्ता का खराब झाला?" असे विचारले की उत्तर ठरलेले असते: माहिती अभिलेखावर उपलब्ध नाही. त्याऐवजी "अमुक कामाच्या मोजमाप पुस्तिकेची व अंतिम देयकाची साक्षांकित प्रत द्यावी" असे लिहावे. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला तोही लागत नाही. तीस दिवसांत उत्तर आले नाही तर त्याच कार्यालयातल्या वरिष्ठाकडे पहिले अपील करायचे. दुसरे अपील राज्य माहिती आयोगाच्या पुणे खंडपीठाकडे, आणि तिथे तारीख लागायला इतका वेळ जातो की तोवर माणसाचा धीर सुटतो. म्हणूनच आधी सोमवारी फाइल बघावी आणि हवे त्याच पानांसाठी अर्ज करावा, असा माझा आग्रह आहे.

हे मी विशेषतः विद्यार्थ्यांसाठी लिहीत आहे. या कायद्यात "नागरिक" एवढीच अट आहे, वयाची नाही. शिष्यवृत्ती रखडली की मुले कॉलेजच्या खिडकीपासून समाजकल्याण कार्यालयापर्यंत हेलपाटे घालतात आणि दोन्हीकडे "वरून आलं नाही" एवढेच ऐकून परततात. आपला अर्ज कॉलेजने कोणत्या तारखेला पुढे पाठवला आणि सध्या तो कोणाकडे प्रलंबित आहे, एवढे लेखी मागितले की टोलवाटोलवी थांबते. स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा परीक्षार्थीचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच मान्य केला आहे. अनुदानित महाविद्यालयेही या कायद्याखाली येतात.

पालक म्हणतात, पोराला कशाला या भानगडीत पाडायचे? ही भीती मी खोटी ठरवत नाही. अर्ज टाकून नंतर तोडपाणी करणारेही आहेत आणि त्यांच्यामुळे प्रामाणिक माणसाकडेही संशयाने पाहिले जाते. त्यावर उपाय म्हणजे एकट्याने जाऊ नये, चौघांनी मिळून जावे, आणि जे वाचले ते गल्लीत सगळ्यांना सांगावे. ज्याला तोडपाणी करायचे आहे तो वाचलेले चारचौघांत सांगत नाही.

मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपल्यावर साडेतीन वर्षांहून अधिक काळ इथे प्रशासक होता. त्या काळात जाब विचारायला निवडून आलेला नगरसेवक नव्हता, प्रश्न मांडायला लोकप्रतिनिधींची सर्वसाधारण सभा नव्हती. कामे मात्र निघत होती, बिले मंजूर होत होती. उजनी धरण भरले तरी आपल्या नळाला काही दिवसांआडच पाणी का येते, याचा हिशेब याच कागदांतून लागणार आहे. जलवाहिनीचे टप्पे, मुदतवाढीचे आदेश, कंत्राटदाराला केलेला दंड किंवा माफ केलेला दंड, हे सगळे कुठल्या तरी फाइलीत आहे. त्या वर्षांतल्या फाइली कोणीतरी बसून वाचायला हव्यात, आणि सिव्हिल, वाणिज्य व राज्यशास्त्राची मुले एकत्र बसली तर त्यांच्याइतके चांगले ते कोणी करणार नाही.

प्राचार्यांना माझी विनंती आहे की राष्ट्रीय सेवा योजनेत श्रमदान आणि वृक्षारोपणाच्या बरोबरीने हे काम घ्यावे. प्रत्येक महाविद्यालयाने आपापल्या भागातले एक सार्वजनिक काम निवडावे, त्याची फाइल पाहावी, जागेवर जाऊन मोजावे आणि अहवाल कार्यालयाला व वर्तमानपत्राला द्यावा. जिल्हाधिकारी आणि महापालिका आयुक्तांनी सर्व कार्यालयांच्या दर्शनी भागात "दर सोमवारी ३ ते ५ अभिलेख पाहण्यास खुले" असा फलक लावावा आणि त्या वेळेत कोणाला भेटायचे त्याचे पदनाम खाली लिहावे. आपल्या दैनिकानेही दर सोमवारच्या अंकात ही वेळ एका चौकटीत छापावी. विद्यार्थ्यांनी आणलेल्या अहवालांना आठवड्यातून एकदा जागा दिली तर शिक्षकी पेशातून निवृत्त झालेल्या माझ्यासारख्या काही जणी अर्जाचे मसुदे तपासून द्यायला आनंदाने तयार आहोत.

कळावे,
एक निवृत्त शिक्षिका
जुळे सोलापूर