शनवार तेल्यांच्या गावातून पर्यटनमंत्र्यांस

माननीय पर्यटनमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
सा. न. वि. वि.

मे महिन्यातला शनिवार आहे, सकाळचे साडेदहा वाजलेत आणि बाहेर हॉर्नचा कल्लोळ चालू आहे. माझं घर रेवदंड्यात, किल्ल्याच्या तटाच्या आत. आमच्याकडे रस्ताच किल्ल्याच्या एका दरवाज्यातून आत शिरतो आणि दुसऱ्या अंगाने बाहेर पडतो. पोर्तुगीजांनी दरवाजा बांधला तेव्हा मुरूडची एसटी त्यांच्या हिशेबात नव्हती. आत्ता तिच्यासमोर पुण्याची एक गाडी नाक खुपसून उभी आहे. ड्रायव्हर म्हणतोय, "मागे घ्या की साहेब." साहेब मागे बघतात, तर मागे आणखी चार साहेब.

२०२० साली भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोट सुरू झाली. तेव्हापासून मुंबईकर गाडीसकट समुद्र ओलांडून येतात. येऊ देत. त्यांच्यामुळे आमच्या वाड्यांमधली शहाळी जागेवर खपतात, खोल्या भरतात, शेजारच्या काकूंचं जेवणाचं ताट दोनशेवरून साडेतीनशेवर गेलं. माझं दुखणं वेगळंच आहे. ही मंडळी सुरूच्या बनात गाडी लावतात, बनाना बोटीत बसतात, कणीस खातात आणि परत जातात. ज्या भिंतीला गाडी टेकवली ती कसली, हे त्यांना कळतही नाही. त्यांची चूक नाही. सांगणारंच कुणी नाही.

आता या शनिवारचंच बघा. सुट्टीचा शनिवार आमच्याकडे ऑफिसवाल्यांनी आणलेला नाही. या किनाऱ्यावर बेने इस्रायली, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू लोक राहत होते. घाण्यावर तेल काढायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणायचं. नवगावकर, किहीमकर, पेणकर ही त्यांची आडनावं, म्हणजे आपलेच रायगडकर. १८४२ सालचं त्यांचं बेथ एल सिनेगॉग रेवदंड्यात आहे. १९४८ नंतर बहुतेक घरं इस्रायलला गेली. तिकडे त्यांनी 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक चालवलं. त्यांची नातवंडं अधूनमधून आजोबांचं गाव बघायला येतात आणि नाक्यावर पत्ता विचारत उभी राहतात. नाक्यावर बाण दाखवणारी पाटी आहे, पण ती वॉटर स्पोर्ट्‌सची.

मी शाळेत इतिहास शिकवायचो. निवृत्त झाल्यावर उन्हाळ्याच्या सुट्टीत दर रविवारी सकाळी आठवी-नववीची मुलं घेऊन गावात फिरायला लागलो. वेळ ठरते ती पंचांगावर. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते, हे कोळीवाड्यातलं शेंबडं पोरही सांगेल. द्वितीयेला दुपारी दीडला भरती, म्हणजे सकाळी साडेसातच्या सुमारास पाणी पार ओसरलेलं असतं. तेव्हा तटाच्या समुद्राकडच्या अंगाने ओल्या वाळूतून चालता येतं, आणि खालून बघितल्याशिवाय त्या भिंतीची उंची समजत नाही. तिथून आत वळून नारळी-पोफळींच्या वाड्यांतून सातखणी मनोऱ्यापाशी. सात खण आता उरले नाहीत, पण पायथ्याशी तोफा पडून आहेत. त्यांच्यावर बसायची माझ्या मुलांना बंदी आहे. पाहुण्यांना कोण बंदी करणार?

मनोऱ्यापासून दिसते कुंडलिकेची खाडी आणि पलीकडे कोर्लईचा डोंगर. १५०८ साली या खाडीच्या तोंडाशी इजिप्तच्या मामलूकांचं आणि दीवच्या मलिक अयाझचं आरमार पोर्तुगीजांवर चालून आलं. व्हाइसरॉय आल्मेदाचा मुलगा लोरेंसू इथे मारला गेला आणि बापाने पुढच्या वर्षी दीवला त्याचा सूड घेतला. १५७०-७१ मध्ये मुर्तजा निजामशहाने पोर्तुगीजांच्या चौलला, म्हणजे आमच्या या रेवदंड्याच्या किल्ल्याला, वेढा घातला, पण जागा हाती आली नाही. ती मराठ्यांकडे आली १७४० मध्ये, वसई पडल्यानंतरच्या तहात. पोर्तुगीज गेले, पण कोर्लईत त्यांच्या भाषेचं एक रोपटं तगलं. तिथली ख्रिस्ती मंडळी घरात पोर्तुगीज वळणाची बोली बोलतात आणि तिला 'नॉ लिंग' म्हणतात, म्हणजे आपली भाषा. गेल्या वर्षी माझ्या एका विद्यार्थ्याने तिथल्या आजींकडून त्या बोलीत एक ते दहा आकडे शिकून घेतले. दोन दिवस शाळेत दुसरं काही ऐकू येत नव्हतं.

मुलांचा लाडका मात्र निकितिन. हा रशियातल्या त्वेरचा व्यापारी वास्को द गामाच्या पाव शतक आधी आमच्या शेजारच्या चौल बंदरात उतरला, बरोबर विकायला एक घोडा घेऊन. गोरा माणूस बघायला लोक मागे मागे फिरत होते, असं त्याने लिहून ठेवलंय. पुढे जुन्नरला खानाने घोडा अडकवला आणि धर्म बदललास तरच परत देईन म्हणाला. इथवर आलो की मी गोष्ट थांबवतो. "सर, घोडा मिळाला का?" असं पाच-सहा जण तरी ओरडतात. मिळाला, एका खोरासानी माणसाने रदबदली केली म्हणून. या निकितिनचं स्मारक आमच्या गावातल्या एका शाळेच्या आवारात आहे. गेटाला कुलूप, आणि सुट्टीत किल्ली कुणाकडे हे शोधण्यातच पाहुण्यांची अर्धी सकाळ जाते.

साहेब, साध्या पाट्यांसाठी मी एका कार्यालयात गेलो होतो. तिथे कळलं की भिंत एका खात्याची, रस्ता दुसऱ्याचा, वाळू तिसऱ्याची आणि वाड्या खाजगी. चौथ्या टेबलावरच्या गृहस्थांनी चहा पाजला, एवढंच पदरात पडलं. ही सगळी टेबलं एका खोलीत आणणं माझ्या आवाक्यातलं नाही, आपल्या आहे.

मागणं फार नाही. किनाऱ्यावर एक काळा फळा हवा आणि त्यावर रोज खडूने भरती-ओहोटीची वेळ लिहिणारा माणूस. मराठीतच लिहा, पण ठळक. दर उन्हाळ्यात वाळूत गाड्या रुततात आणि पोहायला उतरलेल्यांचा जीव जातो. त्यातले बरेच जण उधाणाच्या दिवशी आलेले असतात, आणि तिथी त्यांना माहीत नसते. वाडीमालकांशी रीतसर बोलणी करून, त्यांना भाडं देऊन, तटापासून मनोऱ्यापर्यंत पायवाट मोकळी करून द्या. काँक्रीट नको, वाळू-मातीचीच राहू दे. आणि माझी जी मुलं आता कॉलेजात गेली, त्यांना शिकवून ओळखपत्र द्या. चार महिने बोटीवर लाइफ जॅकेट बांधण्यापेक्षा रविवारी दोन तास गाव दाखवून चार पैसे मिळाले तर त्यांना हवेच आहेत. पायवाटेजवळ एक स्वच्छतागृह बांधा, पाणी असलेलं. नळ तेवढा लावतात, पाण्याचं विसरतात, म्हणून सांगितलं.

लाइट अँड साउंड शो मात्र कृपा करून देऊ नका. रंगीत दिव्यांची अक्षरं लावून सेल्फी पॉइंटही नको. सुशोभीकरण म्हटलं की आमच्या पोटात गोळा येतो. जुन्या दगडावर सिमेंटचा गिलावा बसला की तो काढायला पुन्हा एक योजना लागते.

एकदा स्वतः या. ताफा आणू नका, दरवाज्यात अडकेल. पंचांगात रविवारी प्रतिपदा, द्वितीया किंवा तृतीया बघा आणि सकाळी सातला किनाऱ्यावर हजर राहा. चपला हातात घ्याव्या लागतील. घोड्याचं पुढे काय झालं ते मुलांनी विचारलं, तर आधी सांगून टाकू नका.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
रेवदंड्याचा एक निवृत्त मास्तर