फुलदाणीत नुसती साखर नको

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

कापलेली फुले टिकवण्यासाठी फुलदाणीच्या पाण्यात चमचाभर साखर घालावी, हा आपल्या पुरवणीत दिलेला सल्ला अपुरा आहे. तो तसाच अमलात आणल्यास फुले लवकर माना टाकण्याची शक्यता अधिक, म्हणून हे पत्र.

रोपापासून तुटलेल्या फुलाला मिळणारे अन्न जवळजवळ थांबते आणि कळीला पूर्ण उमलण्यासाठी साखर लागते, इथपर्यंत म्हणणे बरोबर आहे. मात्र तीच साखर पाण्यातील जिवाणूंचेही अन्न असते. ते झपाट्याने वाढून देठाच्या कापलेल्या टोकाशी साचतात, आतल्या जलवाहिन्या बुजतात आणि फूल पाण्यात उभे असूनही तहानेने सुकते. गुलाबाची मान अवेळी वाकते ती बहुधा याच कारणाने. फुलांसोबत मिळणाऱ्या पुडीत साखरेच्या जोडीला पाणी आम्लधर्मी करणारे सायट्रिक आम्लासारखे द्रव्य आणि जंतुनाशकही असते. अशी पुडी हाताशी नसेल तर साधे स्वच्छ पाणी रोज बदलणे अधिक हिताचे. तांब्याचे नाणे टाकण्याचा उपाय तर सोडूनच द्यावा, कारण नाण्यातून पाण्यात उतरणारे तांबे इतके नगण्य असते की जिवाणूंना त्याचा काही उपद्रव होत नाही.

खरे काम सुरीचे आणि फुलदाणी घासण्याच्या ब्रशचे आहे. घरी आणल्यावर देठ दोन-तीन सेंटिमीटर तिरपा कापावा. बोथट कात्रीने तो चिरडतो. कापताच देठात हवा शिरून पाण्याचा मार्ग अडवते, म्हणून शक्य असल्यास टोक पाण्याखाली धरून कापावे, नाही तर निदान लगेच पाण्यात ठेवावे. पाण्यात बुडणारी पाने काढून टाकावीत, कारण ती कुजतात. जरबेराचा देठ मऊ आणि लवकर कुजणारा असल्याने त्याला थोडेच पाणी द्यावे.

याहूनही आधीचा प्रश्न निवडीचा आहे आणि त्यासाठी सर्व फुलांना एकच नियम लावून चालत नाही. गुलाब पाकळ्यांच्या बुडाशी हलकेच दाबून पाहावा; तिथे तो घट्ट लागला तर ताजा. अगदी मिटलेली हिरवट कळी मात्र घेऊ नये, कारण ती अनेकदा उमलतच नाही. ग्लॅडिओलस आणि निशिगंध यांच्या दांड्यावर खालची एक-दोन फुले उमललेली आणि वरच्या कळ्या भरलेल्या असाव्यात, तर लिलीच्या निदान एका कळीवर रंग चढलेला असावा. जरबेरा आणि मोठी शेवंती यांचे उलट असते: ती बऱ्यापैकी उमललेलीच घ्यावीत, कारण अर्धवट मिटलेली फुले पुढे नीट फुलत नाहीत. पाकळ्यांवर शिंपडलेले पाणी पाहून भुलू नये. ताजेपणाचा तो पुरावा नव्हे, शिवाय पाकळ्यांत साचलेल्या ओलाव्याने करड्या बुरशीला वाव मिळतो. देठाचे बूड बुळबुळीत आणि खालची पाने पिवळी असतील, तर वर फूल कितीही टवटवीत दिसो, ती जुडी परत ठेवावी.

फुलदाणी कडक उन्हात वा पंख्याच्या झोताखाली ठेवू नये, हे बहुतेकांना माहीत असते. पिकत्या फळांपासूनही ती दूर ठेवावी, हे मात्र सहसा कुणी सांगत नाही. फळांतून निघणाऱ्या इथिलीन वायूमुळे फुले लवकर वठतात आणि कार्नेशनवर तर त्याचा परिणाम फार चटकन दिसतो. कोमेजलेली फुलेही हा वायू सोडतात, तेव्हा ती वेळीच काढावीत. रात्री फुले फ्रिजमध्ये ठेवायची असतील तर आत फळे नसल्याची खात्री करावी. अँथुरियम आणि उष्ण प्रदेशातील ऑर्किड मात्र बाहेरच बरी, कारण तेवढ्या थंडीने ती काळवंडतात.

साखरेच्या सल्ल्याला जंतुनाशकाची आणि रोज पाणी बदलण्याची जोड देणारी छोटी दुरुस्ती पुढील पुरवणीत छापावी, ही विनंती.

आपली,
एक नियमित वाचक