यंदाचा हुर्राक आणि तुमचा नातू

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

परवा फोनवर बाबा म्हणाले, "नातवाक हांगा धाड. आतां व्हडलो जाला, मातसो हुर्राक चाखूं दी." मी हसून विषय बदलला. बोलायला गेलो तर पुन्हा हसण्यावारी जाईल, म्हणून लिहितोय.

बाबा, भट्टीबद्दल माझी तक्रार नाही. काजूचे बोंडू तुडवायला, चुलीत लाकडं सारायला मीही असायचो. त्यांचा रस पहिल्यांदा गाळला की हुर्राक, तो पुन्हा गाळला की फेणी, हे मला शाळेतल्या विज्ञानाच्या आधी ठाऊक होतं. 2009 साली काजू फेणीला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा आई नको नको म्हणत असताना तुम्ही बातमीचं कात्रण भिंतीवर चिकटवलंत! आणि रोज जेवणाआधी तो एकच छोटा पेला. संपला की पालथा. मी आजही एकावर थांबतो ते तो पालथा पेला पाहून.

पण जत्रेच्या रात्री पेला पालथा व्हायचा नाही. सकाळी आई, तू सांगायचीस, "बाबांना पित्त झालंय, आवाज करू नका." लिंबाचं सरबत ढवळताना तुझा चमचा मात्र जरा जास्तच वाजायचा. आम्हाला सगळं कळायचं गं. विचारायचं नाही, एवढंच शिकलो. गेल्या महिन्यात मित्राच्या लग्नाहून उशिरा आलो. सकाळी पोराने विचारलं, तर माझ्या तोंडून निघालं, "पित्त झालंय." तो काही बोलला नाही. खाली मान घालून दप्तर भरत राहिला.

घरी चाखलेला बाहेर वाहवत नाही, असं बाबा म्हणतात. मलाही तसंच वाटायचं. पण ऑस्ट्रेलियात सुमारे 1900 मुलांवर सहा वर्षं लक्ष ठेवून 2018 मध्ये जे छापलं, त्यात निराळंच निघालं: आई-वडिलांनी दिल्याने मुलं सावरत नाहीत, उलट पुढे बाहेरूनही मिळवायला लागण्याची शक्यता वाढते. आपल्या गोव्यात तर 21 च्या आतल्याला बारवालासुद्धा विकू शकत नाही. हा तेरा वर्षांचा.

सुटीत त्याला पाठवतो. भट्टी दाखवा, बोंडू तुडवू दे, अंगाला वास लागू दे. पेला मात्र नको. त्या पित्ताचं खरं मी त्याला सांगून टाकलंय, बाबा. जत्रेचं त्याने विचारलंच तर तुम्हीच सांगा. आई, तू मध्ये पडू नकोस.

माझी एक बाटली ठेवा.

तुमचा,
बाबू