नेब्युलायझर घरी आला, कफ मात्र छातीतच

प्रति,
मा. संपादक,

स. न. वि. वि.

थंडीची चाहूल लागली की औषधांच्या दुकानांत नेब्युलायझरची, म्हणजे औषधाचे बारीक तुषार करून श्वासावाटे देणाऱ्या मशीनची, विक्री वाढते. सीओपीडीचे (श्वासनळ्या कायमच्या अरुंद करणाऱ्या आजाराचे) जुने रुग्ण, चुलीच्या धुरात उभे आयुष्य काढलेल्या बायका, टीबी बरा होऊनही फुप्फुसाच्या नळ्या कायमच्या सैल आणि रुंद झालेले ब्रॉंकिएक्टेसिसचे रुग्ण, अशा अनेकांच्या घरी आज हे मशीन आहे. चिठ्ठीवर ‘एनएस नेब, दिवसातून दोनदा’ (म्हणजे नेब्युलायझरने नॉर्मल सलाईन) एवढेच लिहिलेले असते. दुकानदार खोका देतो, घरचे बटण दाबतात, धूर दिसतो आणि उपचार झाला असे सगळ्यांना वाटते. मशीन कसे वापरायचे, त्यात काय घालायचे आणि नंतर काय करायचे हे मात्र कोणी करून दाखवत नाही. छातीच्या रुग्णांना श्वसनाचे व्यायाम शिकवणे हेच आमचे काम असल्याने हे सविस्तर लिहीत आहोत.

आधी शब्दाचा घोळ. नेब्युलायझर लावण्याला घरोघरी ‘वाफ देणे’ म्हणतात, पण यात वाफ नसते. पातेल्यावर टॉवेल घेऊन घेतलेल्या वाफाऱ्यात फक्त पाण्याची वाफ येते. त्यात मीठही येत नाही आणि औषधही. शिवाय भाजण्याचा धोका असतो. नेब्युलायझर काहीच तापवत नाही. कॉम्प्रेसरची हवा औषधाच्या वाटीतल्या बारीक भोकातून जोराने निघते, खालचे द्रव वर खेचते आणि ते वाटीतल्या लहानशा शंकूवर आपटून त्याचे तुषार होतात. १ ते ५ मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) तुषार खालपर्यंत पोचतात, त्याहून मोठे घशातच अडकतात. म्हणूनच वाटी, भोक आणि शंकू धड असण्यावर सारे अवलंबून आहे.

दुसरा घोळ ‘सलाईन’ या शब्दाचा. बाटली लावली की ताकद येते, या समजुतीतून सलाईनची ‘वाफ’ही टॉनिक वाटू लागते. नॉर्मल सलाईन म्हणजे ०.९ टक्के मिठाचे निर्जंतुक पाणी, लिटरला ९ ग्रॅम मीठ. शरीरातल्या द्रवाच्या जवळपास तेवढेच खारट, म्हणून ते श्वासनळीला टोचत नाही. पण ते स्वतः श्वासनळ्या उघडत नाही. त्याचे मुख्य काम दुसरे औषध पातळ करण्याचे आणि फार तर चिकट कफ थोडा ओला करण्याचे. धाप लागली असताना नुसते नॉर्मल सलाईन देत बसणे म्हणजे वेळ घालवणे.

कफ सुटावा म्हणून दिले जाते ते जास्त खारट सलाईन: ३ टक्के, काही रुग्णांत ६-७ टक्के. समुद्राचे पाणी साडेतीन टक्क्यांच्या आसपास असते, म्हणजे ७ टक्के हे त्याच्या दुप्पट. कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवले की थोड्या वेळाने भांड्याच्या तळाशी पाणी सुटलेले दिसते, तेच इथे घडते. नळीच्या आतल्या थरावर मीठ पडले की ते पाणी ओढते, गोंदासारखा कफ सैल होतो आणि खोकला येतो. सिस्टिक फायब्रोसिस या जन्मजात आजारात याचा फायदा चांगला दिसला. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील चाचणीत १६४ रुग्णांनी ४८ आठवडे दिवसातून दोनदा ४ मिली द्रव घेतले, काहींनी ७ टक्के सलाईन तर काहींनी नॉर्मल सलाईन. ७ टक्केवाल्यांचे आजार उफाळून येण्याचे प्रसंग कमी झाले. आपल्याकडे जास्त दिसणाऱ्या ब्रॉंकिएक्टेसिसचे चित्र इतके सरळ नाही. ब्रिटनमधल्या २० रुग्णालयांतील २८८ रुग्णांवर ६ टक्के सलाईनची वर्षभर चाचणी झाली. २०२५ मध्ये तिचे निष्कर्ष आले, त्यात आजार उफाळण्याचे प्रमाण लक्षणीय घटले नाही. म्हणून ते टाकाऊ ठरत नाही. चिकट कफ बाहेर काढायला ज्यांना त्याची मदत होते, त्यांना ती होतेच. पण ‘सगळ्या छातीच्या रुग्णांना खारे सलाईन’ हा सूर चुकीचा आहे.

कारण हेच मीठ काहींच्या श्वासनळ्या आवळते. दम्याची प्रवृत्ती असलेल्यांच्या विशेषतः. त्यामुळे ३ टक्के असो वा ७, पहिला डोस दवाखान्यातच व्हायला हवा: आधी यंत्रात फुंकून तपासणी, मग डोस, मग पुन्हा तपासणी. आणि दर वेळी सलाईनच्या १० ते १५ मिनिटे आधी श्वासनळी उघडणारे औषध, म्हणजे साल्ब्युटामॉल किंवा लेव्होसाल्ब्युटामॉल. हा क्रम उलटा झाला तर छाती आवळून येते.

सलाईन कुठले घ्यायचे याबाबत घरोघरी होणाऱ्या चुका गंभीर आहेत. नेब्युलायझरसाठी एका वेळचे छोटे प्लॅस्टिकचे रेस्प्यूल मिळतात, तेच आणावेत. टोक मोडायचे, वाटीत पिळायचे, उरलेले टाकून द्यायचे. स्वस्त पडते म्हणून शिरेतून द्यायची १०० किंवा ५०० मिलीची बाटली आणून तिच्यात सुई खुपसून आठवडाभर वापरणारे अनेक आहेत. त्या सलाईनमध्ये जंतू वाढू न देणारा कोणताही घटक नसतो. एकदा टोचले की ते निर्जंतुक राहिले असे धरता येत नाही, मग बाटली फ्रीजमध्ये ठेवली तरीही. नाकात टाकायच्या सलाईन थेंबांत उलट चूक होते: त्यांपैकी बऱ्याच थेंबांत बेन्झाल्कोनियम क्लोराइड हे परिरक्षक (जंतू वाढू न देणारा घटक) असते आणि ते छातीत गेले तर श्वासनळ्या आवळू शकते. घरचे मीठ उकळून केलेले पाणी तर नकोच. चमच्याच्या मापाने टक्केवारी जुळत नाही, मिठात आयोडीन आणि गुठळ्या होऊ न देणारे पदार्थ असतात, आणि उकळलेले पाणी थंड होताना पुन्हा दूषित होऊ शकते. नुसते डिस्टिल्ड पाणीही चालत नाही. त्यात मीठच नसल्याने ते श्वासनळीला झोंबते आणि खोकल्याची उबळ येते.

आता प्रत्यक्ष लावणे. साबणाने हात धुवा. मशीन टणक, सपाट जागी ठेवा. गादीवर ठेवले तर हवा घ्यायच्या फटी बुजतात आणि ते तापते. वाटीत एकूण ४ मिलीच्या आसपास द्रव असावे. याचे कारण समजून घेतले तर मात्रा लक्षात राहते: शेवटी वाटीच्या भिंतीला साधारण १ मिली चिकटून राहते आणि ते बाहेर पडतच नाही. २ मिलीचे रेस्प्यूल एकटेच घातले तर अर्धे वाया जाते. डॉक्टरांच्या सल्ल्याने त्यात २ मिली नॉर्मल सलाईन घातले तर पाऊण भाग उपयोगी पडतो. नॉर्मल सलाईनचा खरा उपयोग हा. खारे सलाईन मात्र पातळ करायचे नाही, नाहीतर ते तेवढे खारे राहत नाही.

रुग्णाने ताठ बसावे, वाटी उभी धरावी. मोठ्यांनी शक्यतो माउथपीस वापरावा: दातांमध्ये धरून ओठ मिटायचे. मास्कने घेताना बरेचसे तुषार नाकातच अडतात. काचबिंदू असलेल्यांनी तर इप्राट्रोपियम असलेले औषध, म्हणजे डुओलिनसारखे मिश्रण, मास्कने घेऊ नये. कडेने निसटलेले तुषार डोळ्यांत जाऊन दाब वाढू शकतो. मास्क लावायचाच असेल तर तो चेहऱ्याला टेकलेला हवा. झोपलेल्या आजोबांच्या नाकासमोर वीतभर अंतरावर मास्क धरून ठेवला तर औषध खोलीत जाते. श्वास नेहमीचा, शांत, मधूनमधून एखादा खोल. भराभर ओढला तर चक्कर येते. १० ते १५ मिनिटांत वाटी फुरफुरू लागते. बोटाने टिचकी मारा, भिंतीवरचे थेंब खाली येतील. पुन्हा फुरफुर झाली की थांबा. तळाशी राहिलेले दुपारसाठी ठेवू नका. चालू असताना त्यातले पाणी उडून ते अधिक खारट झालेले असते.

इथेच बहुतेक घरांत मशीन बंद होते आणि रुग्ण आडवा होतो. आमच्या मते सगळा उपचार इथेच फुकट जातो. सलाईन कफ सैल करते, बाहेर काढत नाही. सैल झालेला कफ पुढच्या अर्ध्या तासात काढला नाही तर तो तिथेच राहतो. त्यासाठी आधी अर्धा मिनिट पोटाने शांत श्वास. मग तीन-चार खोल श्वास, प्रत्येक श्वास २-३ सेकंद रोखून. त्या वेळात हवा कफाच्या मागे शिरते. पुन्हा शांत श्वास. मग ‘हफ’: चष्म्याची काच पुसण्याआधी आपण तोंड उघडून तिच्यावर ‘हाऽऽ’ करतो, तसाच, पण पोट आत घेत थोडा जोराने. मध्यम श्वास घेऊन लांब ‘हाऽऽ’ केला की खोलवरचा कफ वर सरकतो. तो गळ्याशी आल्यासारखा वाटला की मोठा श्वास घेऊन आखूड ‘हाऽ’ आणि एकदाच खोकणे. हे चक्र ४-५ वेळा. सारखे खाकरत राहिले तर नळ्या मिटतात, दम लागतो आणि कफ हलत नाही. बेडका झाकणाच्या डब्यात थुंकावा आणि त्याचा रंग पाहावा. जेवणाआधी किंवा जेवणानंतर दोन तासांनी हे करावे, नाहीतर उलटी होते. बुडेसोनाइडसारखे स्टेरॉइड किंवा अँटिबायोटिकचे नेब्युलायझेशन असेल तर ते कफ काढून झाल्यावर, सगळ्यात शेवटी. स्टेरॉइडनंतर चूळ भरणे, मास्क असेल तर चेहरा धुणेही. बुडेसोनाइड अल्ट्रासॉनिक प्रकारच्या (कॉम्प्रेसरऐवजी कंपनांनी तुषार करणाऱ्या) मशीनमध्ये घालू नये.

सफाईत कसूर झाली तर मशीन उपचाराऐवजी जंतू पोचवते. ओल्या वाटीत स्युडोमोनाससारखे जंतू आरामात वाढतात, आणि ब्रॉंकिएक्टेसिसच्या रुग्णाला नेमका त्यांचाच धोका. प्रत्येक वापरानंतर वाटीचे भाग सुटे करून उरलेले द्रव झटकायचे आणि सगळे साबणाच्या कोमट पाण्यात धुवायचे. दिवसातून एकदा निर्जंतुक करायचे: माहितीपत्रकात परवानगी असेल तर वाटी आणि माउथपीस पाण्यात ५ मिनिटे उकळायचे. स्वस्त वाट्या उकळल्यावर वाकतात आणि झाकण नीट बसत नाही, त्या लवकर बदलाव्यात. मास्क उकळू नये. व्हिनेगरवर या रुग्णांनी विसंबू नये, आणि वासाची जंतुनाशके तर नकोतच. त्यांचा अंश पुढच्या वेळी थेट छातीत जातो. शेवटचे खंगाळणे उकळून गार केलेल्या पाण्याने, नळाच्या नव्हे. मग स्वच्छ कपड्यावर उघडे वाळवायचे. पावसाळ्यात वाळायला रात्र लागते, म्हणून दोन वाट्या असलेल्या बऱ्या. हवेची नळी धुवायची नाही. आत दमट दिसली तर वाटी काढून मशीन दोन मिनिटे चालू ठेवायचे. फिल्टर पांढऱ्याचा करडा झाला की बदलायचा, धुऊन पुन्हा बसवायचा नाही. शेजारीपाजारी मशीन द्यायला हरकत नाही, पण वाटी, मास्क, माउथपीस ज्याचे त्याचे.

मशीन घरघरते पण तुषार येत नाहीत, ही नेहमीची तक्रार. बहुतेक वेळा वाटीतला तो लहान शंकू धुताना सिंकमध्ये गेलेला असतो किंवा नीट बसवलेला नसतो. तसे नसेल तर भोकात मिठाचे खडे साचलेले असतात: वाटी कोमट पाण्यात भिजत ठेवा, सुई किंवा टाचणी घालू नका, भोक मोठे झाले तर तुषारही जाड होतात. नळी ढिली असणे, फिल्टर बुजणे, वाटी तिरकी धरणे ही पुढची कारणे. खिशात मावणाऱ्या मेश मशीनची जाळी खाऱ्या सलाईनने लवकर बुजते. ती दर वेळी धुतलीच पाहिजे.

घरी ऑक्सिजन असला तरी सीओपीडीच्या रुग्णाने नेब्युलायझर हवेच्या कॉम्प्रेसरवरच चालवावा. जास्त ऑक्सिजनने काहींच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो. बेडक्यात रक्त आले तर खारे सलाईन बंद करून डॉक्टरांकडे जा. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, ताप, वजन घटणे असेल तर आधी टीबीसाठी बेडक्याची तपासणी. तोवर बंद खोलीत नातवंडांसमोर नेब्युलायझर नको, कारण त्याने येणाऱ्या खोकल्यातून जंतू हवेत जातात. ओठ निळे पडले, वाक्य पुरे होईना, झापड येऊ लागली, किंवा श्वासनळी उघडणारे औषध चार तासांच्या आत पुन्हा घ्यावे लागले, तर मशीन सोडून रुग्णालय गाठायचे.

डॉक्टरांना आमची विनंती आहे की ‘एनएस नेब’वर थांबू नये. सलाईनची टक्केवारी, किती मिली, कशाच्या आधी-नंतर आणि किती दिवस, हे चार शब्द जास्त लिहावेत. मशीन विकणाऱ्यांनी वाटी उघडून, जोडून दाखवावी आणि मराठीत छापलेली पत्रिका खोक्यात घालावी. आणि भारनियमनाच्या गावांत प्रत्येक रुग्णाकडे पंप आणि स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) असावाच. नीट घेतला तर बहुतेकांना श्वासनळी उघडणारे औषध त्यातून नेब्युलायझरइतकेच लागू पडते, आणि त्याला वीज लागत नाही.

कळावे,
आपले,
छातीच्या आजारांच्या फिजिओथेरपीत काम करणारे, पुणे