उसाच्या ट्रॉलीखाली दगड नको, फळी द्या

महोदय,

गळीत हंगामात रस्त्याकडेला पंक्चर होऊन कललेली उसाची ट्रॉली आणि तिच्याखाली दगडावर टेकवलेला जॅक, हे सांगली-कोल्हापूर-सोलापूरकडे नेहमीचेच. रिफ्लेक्टरबद्दल दरवर्षी बोलले जाते, चाक बदलण्याच्या साहित्याबद्दल कोणी बोलत नाही.

चार चाकांच्या ट्रॉलीत १० टन ऊस आणि तिचे स्वतःचे दोनेक टन धरले, तर एका चाकावर ३ टन येतात; भरणी एका अंगाला झाली असेल तर जास्तच. बाटली जॅकची बैठक साधारण १२ बाय १२ सेंटिमीटर, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला २० किलोंहून अधिक दाब. साइडपट्टीची काळी माती तो पेलत नाही. जॅक एका बाजूने रुततो आणि तिरका होऊन निसटतो. खाली ४० बाय ४० ची, ५ सेंटिमीटर जाड बाभळीची फळी घातली की दाब दोन किलोंच्या आत येतो.

पण हवा जाऊन चाक बसले की अ‍ॅक्सल इतका खाली येतो की जॅकच मावत नाही, फळी कुठली! मग जॅक चेसीला, म्हणजे ट्रॉलीच्या सांगाड्याला लावतात. तिथे फसगत होते. आधी पाटे (चाकावरच्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा) सैल होतात, जॅकची उंची त्यातच संपते, चाक जमिनीवरच राहते आणि वरचा ऊस मात्र डुलू लागतो. त्यापेक्षा ट्रॅक्टर सावकाश पुढे घेऊन बसलेले चाक दुसऱ्या फळीवर चढवावे, नाहीतर अ‍ॅक्सलखाली उथळ खड्डा करून फळी त्यात सपाट बसवावी. जॅक अ‍ॅक्सललाच लावावा, पाट्याच्या यू-बोल्टजवळ.

ट्रॅक्टर सोडू नये. इंजिन बंद, गिअर टाकलेला, ब्रेक अडकवलेला. जमिनीवरच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी पाचरी, मागच्या जोड ट्रॉलीलाही. पुढचे चाक बदलायचे असेल तर दांडी सरळ हवी. टर्न टेबल (पुढची चाके वळवणारी फिरती चकती) वळलेले असताना आधार अरुंद होतो आणि भरलेली ट्रॉली कलंडते. उतारावर तर जॅक लावूच नये. सपाट जागेपर्यंत ओढत नेताना टायर फाटला तर फाटू दे.

नट चाक उचलण्याआधी सैल करावेत. हवा भरलेल्या स्टेपनीला जास्त जागा लागते, तेवढेच वर घ्यावे आणि लगेच अ‍ॅक्सलखाली ओंडका सारावा. जॅकचे सील गळत असेल तर तो हळूहळू बसतो, पटकन कळतही नाही.

१० टनी जॅक, दोन फळ्या, पाचरी, ओंडका एवढा संच वाहतूक करार करतानाच कारखान्यांनी प्रत्येक ट्रॉलीला सक्तीचा करावा. पाचरी असल्या की दगड लागत नाहीत. नाहीतर काम झाल्यावर दगड रस्त्यावरच राहतात आणि रात्री दुचाकीस्वार त्यांवर आदळतात. शिवाय कारखान्याच्या काट्यावर बदललेल्या चाकाचे नट पुन्हा आवळून घेण्याची सोय असावी. नव्याने बसवलेल्या चाकाचे नट काही किलोमीटरनंतर ढिले पडतात.

– एक ट्रॉली कारागीर, वाळवा तालुका