सभासदांसाठी सूचना : ईमेलसोबत आलेली फाइल उघडण्याआधी

सर्व सभासद बंधू-भगिनींना नमस्कार.

गेल्या आठवड्यात खानापूरकडच्या आपल्या एका सभासदांना ‘वीजबिल थकलंय, आज रात्री कनेक्शन तोडणार’ असा ईमेल आला. मजकूर कन्नडमध्ये, सोबत झिप फाइल (म्हणजे फाइलींचं बांधलेलं गाठोडं). कन्नड नीट वाचता येत नाही, म्हणून आत काय आहे ते पाहायला त्यांनी फाइल उघडली आणि दुकानाचा सगळा हिशेब कुलूपबंद झाला. मजकूर कळला नाही तर शेजाऱ्यांना विचारा, शाळेत कन्नड शिकणाऱ्या नातवाला विचारा. त्यात कमीपणा कसला?

फाइलच्या नावाचं शेवटचं टोक पाहा. ‘बिल.पीडीएफ.ईएक्सई’ ही पीडीएफ नव्हे, प्रोग्राम आहे. विंडोज हे टोक बरेचदा लपवतं. मे २००० मध्ये ‘आय लव्ह यू’ व्हायरस याच लपवाछपवीमुळे प्रेमपत्र समजून जगभर उघडला गेला आणि उघडणाऱ्याच्या ॲड्रेस बुकातल्या सगळ्यांना आपोआप गेला. म्हणून ओळखीच्या माणसाची फाइलसुद्धा आधी फोन करून विचारल्याशिवाय उघडू नका. वर्डची फाइल ‘एनेबल कंटेंट’ (म्हणजे आत दडलेला प्रोग्राम चालू करायची परवानगी) दाबायला सांगत असेल तर तिथंच बंद करा.

चुकून उघडलीच, तर आधी इंटरनेट तोडा आणि बँकेचे पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदला. पैसे गेले असतील तर त्याच घटकेला १९३० या सरकारी सायबर फसवणूक हेल्पलाइनवर फोन करा. लाजेपोटी गप्प बसू नका, आम्हालाही सांगा.

हिशेबाची प्रत पेन ड्राइव्हवर घेऊन तो काढून ठेवावा. कशी घ्यायची ते रविवारी सकाळी कार्यालयात दाखवू.

– सचिव