वादळाचा इशारा झोपलेल्या माणसाला उठवणारा हवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या वैशाखात वसमत तालुक्यातल्या आमच्या शिवारात वीज पडली. शिजवलेली हळद वाळायला पसरली होती. मावळतीकडून आभाळ काळं होत आलं तशी आम्ही सगळी ताडपत्री ओढायला धावलो. सालगड्याचा बारा वर्षांचा पोरगा शेळ्या घेऊन बांधावरच्या बाभळीखाली थांबला होता. वीज शेजारच्या लिंबावर पडली. दोन शेळ्या जागीच गेल्या. पोरगं वाचलं, पण आठ दिवस त्याला धड ऐकू येत नव्हतं. आई हाक मारायची आणि ते नुसतं तिच्या तोंडाकडे बघत राहायचं.

रात्री आखाड्यावरून (शेतातल्या वस्तीवरून) घरी आले तेव्हा चार्जिंगला लावलेल्या फोनवर विजांचा इशारा येऊन पडलेला दिसला. वीज पडण्याच्या पाऊण तास आधीचा. देणाऱ्यांनी तो वेळेवर दिला होता, पण शिवारात तो ऐकणारं कुणीच नव्हतं. ही गोष्ट मला अजून झोपू देत नाही.

त्याच्या आदल्या वर्षी मी मुलाकडे अमेरिकेत, ओक्लाहोमा राज्यात दोन महिने होते. तिथे स्वयंपाकघरात फळीवर वीटेएवढा रेडिओ असायचा. एरवी गप्प. एका रात्री दोनच्या सुमाराला तो असा कर्कश वाजला की मी अंथरुणात उठून बसले. पाठोपाठ सूचना आली: टॉर्नेडो, म्हणजे जमिनीवरून भोवऱ्यासारखं फिरत येणारं वादळ, अमुक गावाकडून अमुक गावाकडे. मुलानं नातवाला उचललं आणि घराच्या मध्यभागी असलेल्या बिनखिडकीच्या खोलीत आम्ही चपला-बुटांच्या ढिगावर बसून राहिलो. लाईट गेली होती, पण रेडिओ सेलवर बोलतच होता.

तिथलं सरकारी हवामान खातं हे प्रसारण रात्रंदिवस करतं. देशभर हजारावर प्रक्षेपक आहेत आणि १६२.४०० ते १६२.५५० मेगाहर्ट्झमधल्या सात वारंवारता त्यासाठी राखून ठेवल्या आहेत. संचात आपल्या भागाचा सहा आकडी संकेतांक भरायचा, म्हणजे इशारा त्या भागाचा असेल तरच तो वाजतो. मला हे फार मोलाचं वाटलं. नांदेडच्या पावसासाठी वसमतची माणसं रोज उठवली, तर चौथ्या दिवशी लोक सेल काढून ठेवतील.

मुलगा म्हणाला, एक घेऊन जा. पण तो संच इथे निरुपयोगी. आपल्याकडे त्या वारंवारतांवर कुणी असे इशारे देतच नाही.

आपल्याकडे काहीच नाही असं मात्र नाही. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं ‘दामिनी’ अ‍ॅप २० आणि ४० किलोमीटरच्या परिघातल्या विजांची सूचना देतं. २०२३ साली मोबाईलवर सरकारी इशारा पाठवण्याच्या चाचणीच्या वेळी सगळ्यांचे मोबाईल एकदम किंचाळले होते, ते आठवत असेल. पण वादळात आधी लाईट जाते, मग टॉवरची रेंज. आणि शेळ्यांमागच्या पोराकडे फोन असतोच कुठे? ओडिशाच्या किनाऱ्यावर २०१८ पासून १२२ ठिकाणी भोंगे बसवलेले आहेत, कारण तिथे समुद्रातून वादळ येतं. आमच्याकडे समुद्र नाही. पण २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट मराठवाड्यात कोण विसरलंय?

आणि आमच्याकडे परभणीची आकाशवाणी आहे. सासरे होते तोवर घरच्या रेडिओच्या काचेवर १३०५ च्या जागी नखाला लावायच्या लाल रंगाची रेघ होती, अंधारातही बॅटरी मारून सुई तिथे आणता यावी म्हणून. हवामान आणि बाजारभाव ऐकल्याशिवाय ते जेवायला बसत नसत.

माझी मागणी एवढीच आहे. हवामान खात्याने पुढच्या तीन तासांचा नारिंगी किंवा लाल इशारा दिला की परभणी केंद्राने चालू कार्यक्रम थांबवून एक ठरलेला आवाज वाजवावा आणि तालुक्याचं नाव घेऊन सूचना द्यावी. तो आवाज ओळखून आपोआप चालू होणारा, सेलवर चालणारा संच प्रत्येक ग्रामपंचायतीला द्यावा आणि तिथल्या भोंग्याला जोडावा. हरिपाठाचा आवाज आमच्या आखाड्यापर्यंत पोचतो, तसा हाही पोचेल. आठवड्यातून एकदा, बाजाराच्या दिवशी, चाचणी घ्यावी. अमेरिकेतही दर आठवड्याला घेतात.

आमच्या गावात संच कुठे ठेवायचा हा प्रश्न आला, तर माझ्या घरचा ओटा आहे. सेल बदलायचं काम मी करीन.

— एक शेतकरी महिला, ता. वसमत, जि. हिंगोली